स्पेस रेंजर्स: अवकाशातला धंदा, मारामारी आणि तुरुंगातली झुरळं

निळीशाई

जहाज घेऊन अवकाशात हिंडायचं, एका ग्रहावर माल उचलून दुसऱ्यावर विकायचा, वाटेत कुणी आडवा आला तर त्याला उडवायचं. या जातीच्या गेम्सचा विषय निघाला की 'एलिट' आणि 'फ्रीलान्सर'वर गाडी थांबते. 'स्पेस रेंजर्स' म्हटलं की समोरचा विचारतो, "म्हणजे ते पॉवर रेंजर्स का?" म्हणून हा धागा काढतेय.

गेम रशियन आहे. व्लादिवोस्तोकच्या एलिमेंटल गेम्स या कंपनीने २००२ साली पहिला भाग काढला आणि २००४ मध्ये दुसरा. तिकडे दोन्ही भाग नावाजले गेले, इकडे आपल्यापर्यंत कुणी पोचवलेच नाहीत. २०१३ मध्ये दुसरा भाग नव्या चित्रांसह आणि वाढवलेल्या कथेसह 'स्पेस रेंजर्स एचडी: अ वॉर अपार्ट' या नावाने स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, आला. आज खेळायचा तर हाच घ्या. सेल लागला की किरकोळ पैशात मिळतो.

कथा थोडक्यात उरकते. साल ३३००. मालोक, पेलेंग, मानव, फेयान आणि गालियन या पाच जमातींची युती आहे आणि डॉमिनेटर नावाची यंत्रं तिच्या एकेक सूर्यमाला गिळत चालली आहेत. या यंत्रांचे तीन गट, त्यांचे तीन म्होरके: ब्लेझर, केलर आणि टेरॉन. तुम्ही रेंजर. ऐकायला भारी वाटतं, पण जहाज तुमचं, इंधन तुमच्या खर्चाने, आणि पोटापाण्याचं तुमचं तुम्ही बघायचं.

मला हा गेम का आवडतो ते सांगते. बाकीच्या गेम्समध्ये जगबुडी दारात येऊन उभी असते आणि तुम्ही वर्षभर मासे पकडत बसलात तरी ती दारातच ताटकळते. इथे कुणी कुणासाठी ताटकळत नाही. युतीची लढाऊ जहाजं आपण होऊन एखादी सूर्यमाला सोडवायला निघतात, कधी सोडवतात, कधी एकही परत येत नाही. तुमच्यासारखेच इतर रेंजर असतात. त्यांना नावं आहेत, क्रमवारी आहे, ते माल वाहतात, लढतात, मरतात. ज्या ग्रहावर तुमचं औषधांचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं, तो एक दिवस नकाशावर शत्रूच्या रंगात दिसतो. तुम्ही तेव्हा भलतीकडे दारू पोचवत असता.

आणि मालाचा धंदा खरा धंदा आहे. अन्न, औषधं, खनिजं, चैनीच्या वस्तू, तंत्रसामग्री, शस्त्रं, दारू, अमली पदार्थ. शेवटच्या काहींवर कुठे बंदी, कुठे खुली विक्री, ते त्या ग्रहावर कोणती जमात आणि कसलं सरकार आहे त्यावर. बातम्या वाचायच्या. अमुक ग्रहावर साथ आली म्हणजे औषधांना भाव चढणार. पण बातमी तुम्ही एकट्याने वाचलेली नसते, पोचायला दिवस लागतात आणि तुम्ही उतरेपर्यंत दुसरा कुणीतरी माल टाकून भाव पाडून गेलेला असतो.

लढाईबद्दल खाली लिहीन, कुणी विचारलं तर.

रातकिडा

वाखूसा (वाचनखूण साठवली). लढाईबद्दल विचारतोय.

पाचवागियर

तुम्ही 'फ्रीलान्सर'चं नाव असं उडतउडत घेतलंत म्हणून लिहितो. २००३ साली माउसने जहाज चालवायची ती सोय बाकी कुणाला जमली नव्हती. व्यापारी वाटेवरच्या त्या कड्यांच्या रांगेतून सुसाट जाताना मध्येच लुटारू कडी बंद पाडतात आणि तुम्ही भस्सकन बाहेर फेकले जाता, ती मजा दुसऱ्या गेममध्ये दाखवा. लिबर्टी, ब्रेटोनिया, कुसारी, ऱ्हाइनलँड, ही तिथली चार राज्यं, प्रत्येकाची जहाजं वेगळी, स्थानकं वेगळी.

तुमच्या रेंजर्सचे व्हिडिओ बघितले. वरून दिसणारा सपाट नकाशा आणि त्यावर पाळीपाळीने सरकणारी जहाजं. याला लढाई म्हणायचं? बुद्धिबळ आहे ते.

निळीशाई

@पाचवागियर, 'फ्रीलान्सर' मलाही आवडतो. पण तो आज रीतसर विकत घ्यायला जा म्हटलं तर कुठे घ्यायचा? आणि कथा संपल्यावर तिथलं जग जिथल्या तिथे असतं. लुटारू तेच, भाव तेच, वाटा त्याच.

आता लढाई. @रातकिडा, एक पाळी म्हणजे एक दिवस. पण बुद्धिबळासारखं आधी तू मग मी असं नाही. तुम्ही कुठे जायचं ते ठरवता, जहाजापुढे ठिपक्यांची वाट उमटते, कुठली तोफ कुणावर ते नेमून देता आणि दिवस पुढे ढकलता. मग सगळे एकदम हलतात, तुम्ही, शत्रू, ग्रह, उल्का, सगळे. त्या दोन-तीन सेकंदांत तुमच्या हातात काही नसतं.

म्हणजे समजा केलरची तीन जहाजं तुमच्या दिशेने येताहेत. तुमच्या दोन तोफांपैकी एक लांब पल्ल्याची, दुसरी जवळची पण जोरदार. सरळ भिडलात तर तिघांचा मारा एकदम खाल. म्हणून तुम्ही उलट्या दिशेला, सूर्याच्या कडेकडेने पळता. फार जवळ गेलात तर जहाज भाजतं, म्हणून वाट बेताने आखायची. तिघांपैकी वेगवान एकटा पुढे येतो, बाकीचे दोघे मागे राहतात. तो पुरेसा जवळ आला की वळून दोन्ही तोफा त्याच्यावर. पुढच्या दिवशी परत पळ. दुरुस्तीचा ड्रॉइड रोज थोडं थोडं कवच भरून काढत असतो, म्हणजे पळण्यातही कमाई. अगदीच गळ्याशी आलं तर जवळच्या ग्रहावर उतरायचं, पण ग्रहही फिरत असतो, तो उद्या कुठे असेल त्याचा अंदाज घेऊन वाट धरायची.

आणि जिंकलात की खरी मारामारी सुरू. फुटलेल्या जहाजाचे सुटे भाग, नोड्स नावाचे किमती तुकडे वगैरे अवकाशात तरंगतात, ते ओढून घ्यायला जहाजावर पकड लागते, आणि लढाईच्या वेळी लांब उभा राहून गंमत बघणारा एखादा रेंजर आता बरोब्बर पुढे येऊन तुमच्या नाकासमोरून माल उचलतो. त्याच्यावर गोळी झाडली तर तुम्ही गुन्हेगार! संताप येतो अगदी.

रातकिडा

हाहा, हा शेवटचा प्राणी प्रत्येक ऑफिसात असतो.

शेवग्याचीशेंग

माझ्याकडे जुना लॅपटॉप आहे, ग्राफिक्स कार्ड नावाला. चालेल का? आणि मला पटापट बोटं चालवणं जमत नाही, म्हणून असले गेम कधी हातात धरले नाहीत.

निळीशाई

@शेवग्याचीशेंग, तुमच्यासाठीच आहे हा. अवकाशातला सगळा खेळ सपाट चित्रांचा आहे, फारसं काही लागत नाही. आणि दिवस तुम्ही ढकलल्याशिवाय पुढे जात नाही. मध्येच कुकरची शिट्टी झाली तर खुशाल उठा.

एक इशारा मात्र देते. ग्रहावरच्या जमिनीवरल्या लढाया अधूनमधून गळ्यात पडतात. तिथे सुट्या भागांतून रोबो जुळवायचे, पाय कसले, धड कसलं, हत्यार कुठलं ते निवडायचं, कारखाने काबीज करायचे, आणि हे सगळं घड्याळ चालू असताना. हवं तर एखाद्या रोबोच्या अंगात शिरून तो स्वतः चालवता येतो. कल्पना मस्त, पण मला तो भाग कंटाळवाणा वाटतो. तसंच कृष्णविवरात शिरलं की जी धावपळीची लढाई होते तीही. सरकारने जमिनीवरची मोहीम देऊ केली तर नाही म्हणायची सोय आहे, बिनदिक्कत नाही म्हणा.

जुनाखोका

धागा बघून बरं वाटलं. मी हा गेम खेळलोय तो वाचण्यासाठी. थट्टा करत नाही.

यात ग्रहांची सरकारं जी कामं देतात त्यांतली बरीच निव्वळ मजकुराची आहेत. पडद्यावर परिच्छेद येतो, खाली पर्याय येतात, निवडत जायचं. पण प्रत्येक काम म्हणजे स्वतंत्र छोटा गेमच. एकात तुम्हाला बर्फाळ ग्रहावरचं स्कीइंगचं रिसॉर्ट चालवायला देतात. पैसा कशावर लावायचा, जाहिरात किती करायची, सगळं आकड्यांत. एकात निवडणुकीचा प्रचार सांभाळायचा. काही निव्वळ तर्काची कोडी आहेत, तिथे शेजारी कागद-पेन्सिल लागतेच.

आणि तुरुंग! चोरटा माल सापडला, सरकारशी बिनसलं, की पकडून आत टाकतात. दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये तुरुंग म्हणजे 'तुम्ही हरलात, पुन्हा सुरू करा'. इथे शिक्षा भोगावी लागते, दिवस मोजत. व्यायाम करून अंगात ताकद आणायची, बाकीच्या कैद्यांत पत राखायची, मार खायचा, आणि झुरळ पाळून त्याला शर्यतीसाठी तयार करायचं. त्या झुरळावर पैज लागते. मी बाहेर पडलो तेव्हा महिने उलटले होते आणि मी आत असताना डॉमिनेटरांनी दोन सूर्यमाला घेतल्या होत्या.

लोकवाङ्मयच्या प्रदर्शनातून रशियन पुस्तकांची मराठी भाषांतरं पिशवी भरभरून आणलेली आमची पिढी. सरकारी कारभाराची गंभीर चेहऱ्याने केलेली टवाळी हा त्या मुलुखाचा जुना गुण, तो या गेममध्ये भरपूर आहे. पेलेंग सरकारचे अधिकारी तुमच्याशी बोलतात ते वाचाच. बोलणं मधाळ, आणि डोळा तुमच्या खिशावर. इंग्रजी भाषांतर जागोजागी खडबडीत आहे, पण त्यानेही रंगत वाढते असं माझं मत.

पाचवागियर

झुरळांची शर्यत. बरं. हे वाचून थोडा डळमळलोय, पण बुद्धिबळाचा मुद्दा मागे घेत नाही.

अक्कलखाते

धंद्याबद्दल चार गोष्टी, कारण नवीन लोक तिथेच पाण्यात जातात.

ट्रकमालकाला गाडीचं स्वतःचं वजन वजा जाता माल किती बसतो हे बघावं लागतं, तसंच इथे. जहाजाच्या सांगाड्याला ठरावीक जागा. इंजिन, टाकी, रडार, स्कॅनर, पकड, ड्रॉइड, तोफा, सगळं त्याच जागेत बसतं, आणि उरेल त्यात माल. पाच तोफा लावल्या की मालाला जागा नाही. शिवाय भार वाढला की वेग कमी. तेच इंजिन आकाराने लहान हवं तर पैसे जास्त. म्हणून सुरुवातीला मोठी तोफ घेण्यापेक्षा लहान आकाराचं इंजिन घ्या.

प्रत्येक ग्रहावर माहिती केंद्र असतं. कुठल्या मालाला कुठे काय भाव ते तिथे शोधता येतं. तिथे न डोकावता माल भरणारे माझ्या माहितीत दोघे आहेत, दोघांनीही गेम सोडला.

अगदी कफल्लक असाल तर उल्का फोडा. औद्योगिक लेझर त्याला पुरतो. खनिजं पकडीने ओढा, जवळच्या ग्रहावर विका. कंटाळवाणं आहे पण भांडवल उभं राहतं. व्यापार केंद्रात कर्ज मिळतं. तेही घ्या, फक्त फेडायची तारीख लक्षात ठेवा.

स्कॅनरबद्दल लोकांना कळत नाही. दुसऱ्याच्या जहाजात काय आहे ते दिसायला तुमचा स्कॅनर त्याच्या संरक्षक कवचापेक्षा जोरकस लागतो. तो असला की व्यापारी जहाजाला हटकण्याआधी त्यात काय आहे ते कळतं. हटकणं म्हणजे काय ते सुज्ञांस सांगणे न लगे.

लिंबूटिंबू

म्हणजे लूटमार करता येते??

अक्कलखाते

करता येते. जहाजाशी बोलणं सुरू करायचं आणि माल टाक म्हणायचं. घाबरला तर टाकतो, नाही तर मदतीला हाका मारतो. सुरुवात करतानाच व्यापारी, भाडोत्री, लढवय्या, चाचा असला पेशा निवडायचा असतो. एचडी आवृत्तीत तर चाच्यांची टोळी हा युद्धातला तिसरा पक्षच आहे, तेही सूर्यमाला काबीज करतात, आणि तुम्हाला त्यांच्यात सामील होता येतं.

शेवग्याचीशेंग

सगळं वाचलं. विकत घेण्याआधी या प्रकारचा एखादा फुकट गेम आहे का? आवडेल की नाही ते आधी बघीन म्हणते.

जुनाखोका

'एंडलेस स्काय'. पूर्ण फुकट, स्रोत खुला, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतो. मॅकवर १९९६ साली 'एस्केप व्हेलॉसिटी' नावाचा गेम आला होता, त्याच्या वळणावर मायकेल झाहनायझर यांनी सुरू केला आणि आता हौशी मंडळी मिळून वाढवताहेत.

सुरुवातच कर्जाने होते. न्यू बॉस्टन नावाच्या ग्रहावर तुम्ही बँकेचं कर्ज काढून पहिलं जहाज घेता. तीन पर्याय आहेत: प्रवासी नेणारं शटल, माल नेणारं स्टार बार्ज, आणि स्पॅरो नावाचं लहानसं लढाऊ जहाज. हौसेपोटी सगळे स्पॅरो घेतात आणि मग हप्ते भरताना तोंडाला फेस येतो. शटल घ्या, कामांच्या फलकावरून प्रवासी उचला, हप्ते भरा. पुढे एकाची चार जहाजं होतात, चाच्यांची पांगळी झालेली जहाजं चढाई करून ताब्यात घेता येतात, आणि मग फ्री वर्ल्ड्स या बंडखोर ग्रहांच्या गटाच्या बंडाची कथा सुरू होते.

पण @शेवग्याचीशेंग, तिथे लढाई चालू घड्याळावर आहे. तुम्ही म्हणालात बोटं चालत नाहीत, तर त्यावरून रेंजर्सचा अंदाज बांधू नका.

निळीशाई

+१ जुनाखोका. 'एंडलेस स्काय' छान आहे आणि फुकट आहे म्हणून नाव ठेवायला जीव होत नाही, पण त्यात जग ठरलेल्या वाटेने चालतं. बंड तुम्ही कामं घेत जाल तसं पुढे सरकतं. रेंजर्समध्ये युद्ध तुमच्याविनाही पुढे जातं, कधी जिंकण्याकडे, कधी उलट. मी एकदा निव्वळ व्यापार करत राहिले. वैज्ञानिक तळांवर डॉमिनेटरांवरचं संशोधन चालू असतं, त्याची टक्केवारी दिसते. मी पैसे साठवून ते इथेतिथे गुंतवत होते, लष्करी मोहिमांना पैसा देत होते आणि लढायला दुसरे जात होते. सैन्याला पैसा पुरवणारा सावकार म्हणूनही युद्धात भाग घेता येतो, हे दुसऱ्या कुठल्या गेमने मला करू दिलं नाही.

म्होरक्यांनाही नुसतं तोफांनीच संपवायला हवं असं नाही. ते कसं, ते सांगत नाही, रसभंग होईल.

रातकिडा

हे बनवणारे पुढे गेले कुठे?

निळीशाई

त्यातल्याच काही मंडळींनी व्लादिवोस्तोकमध्येच काटाउरी इंटरॅक्टिव्ह ही कंपनी काढली आणि २००८ साली 'किंग्ज बाउंटी: द लेजंड' केला. तो बऱ्याच जणांनी खेळला असेल. त्यातलाही चावट विनोद याच घराण्याचा.

लिंबूटिंबू

घेतला. पेलेंग चाचा निवडला. पहिल्याच आठवड्यात एका व्यापाऱ्याला हटकलं, त्याने हाका मारल्या, लष्करी जहाज आलं, पळालो, एका ग्रहावर उतरलो तर तिथल्यांनी थेट आत टाकलं. आता तुरुंगात आहे. झुरळ मिळालंय. त्याला खायला घालू की पळवू?

जुनाखोका

दोन्ही, पण आधी स्वतःची तब्येत बघ बाबा. मार खाऊन आडवा झालास तर झुरळाला कोण बघणार?

अक्कलखाते

@लिंबूटिंबू, पुन्हा सुरू करणार असाल तर मानव आणि व्यापारी घ्या. चाच्याचा खेळ जहाज वेगवान झाल्यावर. पळता येत नसेल तर लुटायला जाऊ नये.

लिंबूटिंबू

पुन्हा कशाला सुरू करू? झुरळ जिंकलंय.

पाचवागियर

सेलमध्ये मिळाला म्हणून घेतला, एवढंच म्हणतो. लढवय्या निवडला. एक प्रश्न. ब्लेझरची पाच-सहा जहाजं मी होतो त्या सूर्यमालेत घुसली. मी ग्रहावर उतरून बसलोय. इथेच दिवस ढकलत राहिलो तर ती जातील का?

निळीशाई

ती जायला आलेली नाहीत, घ्यायला आलीत. इंधनाची टाकी भरा, तोफा दुरुस्त करा आणि निघा. उडी बसल्या जागी मारता येत नाही. नकाशावर शेजारचा तारा निवडला की जहाज त्या बाजूच्या कडेपर्यंत चालत जातं आणि मग उडी. म्हणून ब्लेझरची जहाजं ज्या बाजूला आहेत तिच्या उलट बाजूचा तारा निवडा, लांबचा असला तरी चालेल, फक्त इंजिनाच्या पल्ल्यात हवा. आणि जहाजात खनिजं भरलेली असतील तर ती इथेच विकून टाका. भार कमी झाला की वेग वाढेल.

पाचवागियर

खनिजं नाहीत. दारू आहे. ती विकायला जीव होत नाही, पलीकडे दुप्पट भाव आहे.